उघड्या रानातला टोमॅटो : एका गुंठ्याचा पूर्ण हिशेब

महाराष्ट्रातला बहुतेक टोमॅटो पॉलिहाऊसमध्ये नव्हे, उघड्या रानातच पिकतो. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, संगमनेरच्या बाजारांत उतरणारे क्रेट याच रानांतून येतात. त्यामुळे छप्पर नाही म्हणून टोमॅटो होणार नाही, असं अजिबात नाही. मात्र छप्पर नसेल तर हवामान दुरुस्त करता येत नाही, ते फक्त निवडता येतं. म्हणून या पिकात सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय बियाणं किंवा खताचा नसून तारखेचा असतो.

खालचा सगळा हिशेब एका गुंठ्याचा, म्हणजे साधारण ३३ फूट बाय ३३ फूट जागेचा आहे. एकराला आकडे ४० पट धरावेत. परसात दहा-वीस झाडं लावणाऱ्यांनी झाडामागे किती पडतं ते काढून घ्यावं. पद्धत तीच राहते.

तारीख फुलावरून मोजा

टोमॅटोचं रोप ८-९ अंशांतही तग धरतं आणि ४० अंशांतही लगेच मरत नाही. नाजूक असतं ते फूल. दिवसा २० ते २८ अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान असलं की फळधारणा उत्तम होते. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २३-२४ च्या वर राहू लागलं की परागकण निकामी होतात आणि फुलं देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळतात. रात्री पारा सतत १२-१३ च्या खाली राहिला तरी परागीभवन अर्धवट होतं. मग फळं वेडीवाकडी, खाचांची किंवा आतून पोकळ निघतात. या दोन टोकांच्या मधला काळ तुमच्या गावात कधी येतो, हे आधी ठरवायचं.

आता उलटं मोजायचं. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला २२ ते २५ दिवस लागतात. लावणीपासून पहिलं फूल २५ ते ३० दिवसांत दिसतं. त्या फुलाचं पिकलेलं फळ व्हायला आणखी ४० ते ५० दिवस. म्हणजे लावणीनंतर ६५ ते ७५ दिवसांनी पहिला तोडा, आणि त्यापुढे सहा ते आठ आठवडे तोडे चालू.

पुणे, सातारा, अहिल्यानगरच्या पठारी भागात पहिल्यांदाच टोमॅटो करणाऱ्यानं सप्टेंबरच्या मध्याला ट्रेमध्ये बी टाकावं आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावणी करावी. नोव्हेंबरात फूल, डिसेंबरअखेर पहिला तोडा. हा हंगाम सर्वांत सोपा. निफाडच्या पट्ट्यात मात्र डिसेंबर-जानेवारीत पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. तिथे एक तर जुलै-ऑगस्टात लावून थंडीआधी फळधारणा उरकावी, नाही तर जानेवारीत लावून फूल फेब्रुवारीत आणावं. विदर्भात मार्चपासूनच ऊन असह्य होतं, म्हणून ऑगस्टअखेर बी आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावणी योग्य. कोकणात आणि गोव्यात परतीचा पाऊस थांबल्याशिवाय घाई करू नये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बी, महिनाअखेरीस लावणी आणि जानेवारी ते मार्च फळं, असा तिथला क्रम.

खरिपाची लावणी, म्हणजे जून-जुलैची, भाव चांगला देते म्हणून नाशिक भागात मोठ्या प्रमाणावर होते. पण फूल आणि फळ दोन्ही पावसात सापडतात. करपा, म्हणजे पानं करपवणारा रोग, सांभाळण्याची पूर्ण तयारी असेल तरच हा हंगाम धरावा. उन्हाळी लावणी फेब्रुवारीच्या मध्यानंतर करू नये. जुन्नरसारख्या थोड्या उंचावरच्या, रात्री गार होणाऱ्या भागात ती साधते. सपाटीवर एप्रिलची फुलं फुकट जातात.

जमीन आणि गादीवाफे

मध्यम, निचऱ्याची, सामू (pH) ६ ते ७ असलेली जमीन हवी. भारी काळ्या रानातही टोमॅटो उत्तम येतो, पण पाणी साचायला एक दिवससुद्धा जागा मिळता कामा नये. मुळं पाण्यात चोवीस तास राहिली की खालची पानं पिवळी पडतात आणि मर रोगाच्या बुरशीला वाट मोकळी होते. आधीच्या तीन वर्षांत त्या जागी वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो झालेला नसावा. ही चारही एकाच कुळातली आहेत आणि त्यांचे मातीतले रोग, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) बऱ्याच अंशी सामाईक आहेत. मका, ज्वारी, बाजरी किंवा कांद्यानंतरची जागा उत्तम. झेंडूनंतरची त्याहून बरी, कारण झेंडूमुळे सूत्रकृमी कमी होतात.

नांगरट आणि दोन कुळवाच्या पाळ्यांनंतर गुंठ्याला २०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कच्चं शेणखत टाकू नका. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते. मग पाच-पाच फुटांवर सहा गादीवाफे ओढा. माथा अडीच फूट रुंद, उंची रब्बीत ८-९ इंच आणि पावसाळ्यात पुरता एक फूट. वाफ्यांची दिशा उताराला थोडी तिरकी ठेवा म्हणजे पाणी निघून जाईल, पण माती वाहणार नाही. दोन वाफ्यांमधली सरी शेवटी जिथे उघडते तिथे चर काढा. बरेच जण वाफे सुंदर करतात आणि चर विसरतात. मग जुलैच्या एका रात्रीत सगळ्या सऱ्या तुंबतात.

संकरित टोमॅटोसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि १५० किलो पालाश अशी आहे. गुंठ्याला याचा हिशेब युरिया साडेसहा किलो, सिंगल सुपर फॉस्फेट साडेनऊ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश अडीच किलो असा बसतो. माती परीक्षण केलं असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. वाफे भरताना सुपर फॉस्फेट सगळं, पोटॅश दीड किलो आणि युरिया दीड किलो मातीत मिसळा. सोबत फेरस सल्फेट पाव किलो, झिंक सल्फेट २०० ग्रॅम आणि बोरॅक्स ५० ग्रॅम. बोरॅक्स मापूनच घ्या. बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे. उरलेला नत्र आणि पालाश पुढे हप्त्यांनी द्यायचा, तो कसा ते खाली येईल.

वाफ्यावर १६ मिलिमीटरची ठिबक नळी अंथरा. ड्रीपर ४० सेंटिमीटरवर, ताशी दोन लिटरचे. एकूण २०० फूट नळी लागते. त्यावर चार फूट रुंदीचा, २५ ते ३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, चंदेरी बाजू वर. चंदेरी रंगामुळे खालून उजेड परावर्तित होतो आणि मावा, पांढरी माशी, फुलकिडे झाडावर उतरायला बिचकतात. उघड्या रानात जाळी नसताना हा फायदा मोठा आहे. पेपर ताणून, कडा मातीत गाडून बसवा. सैल पेपर वाऱ्यानं फडफडतो आणि रोपं कापतो. पेपर परवडत नसेल तर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा तीन-चार इंच जाडीचा चालतो, पण तो लावणीनंतर दोन आठवड्यांनी घाला आणि वाळवीवर लक्ष ठेवा. पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल पानांवर उडतो, त्यातून करपा वर चढतो. आच्छादनाचं पहिलं काम हे उडणं थांबवण्याचं आहे, तण रोखण्याचं त्यानंतर.

वाण

बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण उघड्या शेतीसाठी भरवशाचा आहे. तो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तोंड देतो. त्याच संस्थेचा अर्का अभेद उशिराच्या करप्यालाही सहनशील आहे, म्हणून पावसाळी लावणीसाठी त्याचा विचार करावा. कोकण आणि गोव्याच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत जिवाणूजन्य मर फार त्रास देते. तिथे या रोगाला प्रतिकारक नसलेला वाण लावणं म्हणजे झाडं फळावर आली की एकेक करून गमावणं. घरच्या वापरासाठी आणि स्वतःचं बी धरायचं असेल तर राहुरीचे धनश्री, भाग्यश्री असे सुधारित वाण घ्या. संकरिताचं बी पुढच्या वर्षी धरलं तर झाडं सारखी निघत नाहीत.

पाकिटावर 'विषाणू प्रतिकारक' लिहिलेलं असतं तेव्हा तो बहुधा पांढऱ्या माशीतून येणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूपुरता प्रतिकार असतो. फुलकिड्यांमधून आणि माव्यातून येणारे विषाणू वेगळे. त्यांना तो वाण इतर वाणांसारखाच बळी पडतो.

रोपं

सहा वाफे आणि दीड फुटावर एक रोप, म्हणजे वाफ्याला २२ आणि गुंठ्याला १३२ रोपं. ९८ कप्प्यांचे दोन ट्रे भरा. उरलेली रोपं नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला लागतात. बी एक ग्रॅमपेक्षाही कमी पुरतं.

कोकोपीट मुठीत दाबल्यावर बोटांतून एखादा थेंब यावा इतकंच ओलं हवं. प्रत्येक कप्प्यात अर्धा सेंटिमीटर खोल एक बी, वर कोकोपीटचा पातळ थर. दोन्ही ट्रे एकावर एक ठेवून प्लॅस्टिकनं गुंडाळा आणि सावलीत ठेवा. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उघडून बघा. पहिले चार-पाच कोंब मान वर काढताना दिसले की त्याच दिवशी ट्रे सुटे करून उजेडात न्या. एक दिवस उशीर झाला की रोपं पांढरी, उंच आणि लुळी होतात आणि ती पुढे कधीच भरत नाहीत.

छप्पर नको असलं तरी रोपांना जाळी हवीच. तारेच्या कमानी करून त्यावर ४० ते ५० मेशची नायलॉन जाळी टाका आणि कडा मातीनं बंद करा. लहानपणी लागलेला विषाणू हा सर्वांत महागडा. चौथ्या पानाला लागण झालेलं झाड एक किलोही फळ देत नाही, तर फळं लागल्यावर लागण झालेलं झाड बऱ्यापैकी उत्पन्न देऊन जातं. पाणी झारीनं सकाळी द्या. संध्याकाळी दिलेल्या पाण्यानं रोपं रात्रभर ओली राहतात आणि कोलमडतात. शेवटचे चार-पाच दिवस पाणी थोडं कमी करून जाळी दिवसा काही तास उघडा, म्हणजे रोपं काटक होतील. चार-पाच पानांचं, बोटभर जाडीपेक्षा पुष्कळ बारीक पण ताठ खोडाचं, १२ ते १५ सेंटिमीटर उंचीचं रोप योग्य. कप्प्यात मुळं गोल फिरून तपकिरी झाली असतील तर ते रोप वयस्क झालं, लावल्यावर पंधरा दिवस ते नुसतं बसून राहतं.

ट्रेमध्ये बी टाकाल त्याच दिवशी शेताच्या चारही कडांना मक्याच्या दोन ओळी पेरा. लावणीपर्यंत मका गुडघ्याएवढा होतो आणि वाऱ्यासोबत येणारी पांढरी माशी व मावा अडवू लागतो. झेंडूची तयारी त्याहून आधी लागते. बागवानी संस्थेची शिफारस अशी की टोमॅटोच्या १६ ओळींना झेंडूची एक ओळ, आणि लावताना टोमॅटोचं रोप २५ दिवसांचं तर झेंडूचं ४५ दिवसांचं. दोघांना फूल एकाच वेळी येतं आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. गुंठ्याला दोन्ही कडांच्या वाफ्यांबाहेर एकेक ओळ पुरे. झेंडूवरच्या अळ्या मात्र वेचायला हव्यात, नाही तर आपणच त्यांना पाळल्यासारखं होईल.

लावणी

आदल्या दिवशी ठिबक दोन-तीन तास चालवून वाफा खोलवर भिजवा आणि लावणी वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, दुपारी चारनंतर करा. छिद्र दोन-अडीच इंचांचं. रोप कप्प्यातून काढताना खोड ओढू नका, खालून दाबून गड्डा वर काढा. हलक्या जमिनीत आणि रब्बीत खोडाचा इंचभर भाग मातीत गेला तर चांगलंच, त्याला मुळं फुटतात. भारी जमिनीत आणि पावसाळ्यात रोप ट्रेमध्ये होतं तेवढंच खोल ठेवा, कारण गाडलेलं कोवळं खोड तिथे कुजतं. छिद्राभोवती मूठभर माती ठेवा. उन्हाळ्यात तापलेला पेपर खोडाला टेकला की रोप तिथेच भाजून आडवं होतं, आणि मागून वाटतं की मर आली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची आळवणी करा, म्हणजे तिचं द्रावण झाडाच्या बुडाशी ओता. लिटरला ५ ग्रॅम, झाडाला ५० ते १०० मिलिलिटर. त्या आठवड्यात ताम्रयुक्त बुरशीनाशक मातीत ओतू नका, नाही तर ट्रायकोडर्मा मरून जाईल. नांग्या दहा दिवसांच्या आत भरा. त्यानंतर भरलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत दबतं.

तारकाठी

बांधणी हा उघड्या टोमॅटोचा कणा आहे आणि खर्च वाचवण्याची ही जागा नव्हे. जमिनीवर लोळणाऱ्या झाडाची पानं दुपारपर्यंत दवानं ओली राहतात, फवारा आत पोचत नाही आणि फळं मातीला टेकून सडतात.

लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यातच काठ्या रोवा. उशीर केला की मुळं तुटतात. प्रत्येक वाफ्यावर आठ फुटांवर एक अशा सात फुटी पाच बांबू, म्हणजे गुंठ्याला तीस. दीड फूट जमिनीत जायला हवेत. दोन्ही टोकांचे बांबू जाड घ्या आणि त्यांना बाहेरच्या बाजूला खुंटी ठोकून तारेचा ताण द्या. फळांचं सगळं वजन शेवटी या दोन टोकांवर येतं. एका झाडावर चार किलो धरले तरी एका ओळीवर ऐंशी किलोंच्या पुढे भार जातो. १६ गेजच्या तारा जमिनीपासून दीड, तीन आणि साडेचार फुटांवर ओढा.

झाड एक फुटाचं झालं की सुतळीनं पहिल्या तारेला बांधा. खोडाभोवतीचा फास बोट आत जाईल इतका सैल, आणि खोड व तार यांच्या मध्ये सुतळीला एक पीळ, म्हणजे वाऱ्यात खोड तारेवर घासत नाही. गाठ फुलाच्या घोसाच्या खाली नको, पानाच्या खाली घ्या. पुढे दर दहा-बारा दिवसांनी बांधणी.

पहिल्या घोसाच्या खालचे सगळे बगलफुटवे दोन इंचांचे असतानाच काढा. त्याच्या लगेच खालचा एक जोमदार फुटवा तेवढा राखा. दोन ते तीन फांद्यांचं झाड आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या संकरित वाणांना शोभतं. उन्हाळ्यात छाटणी आणखी कमी करा. पानांची सावली गेली की फळाच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरा, कागदासारखा चट्टा पडतो. जमिनीला टेकणारी पानं मात्र प्रत्येक हंगामात काढायचीच. हे काम कोरड्या हवेत, दव वाळल्यावर करा. तंबाखू मळलेल्या हातांनी झाडाला हात लावू नये. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून थेट झाडात जातो. साबणानं हात धुऊनच वाफ्यात शिरावं.

पाणी आणि वरखत

लावणीनंतर पहिले तीन आठवडे ठिबक रोज १५ ते २० मिनिटं, फुलात ३० ते ४५ मिनिटं, फळं फुगताना एक ते सव्वा तास. उन्हाळ्यात दीड तासापर्यंत, दोन वेळांत विभागून. हे आकडे सुरुवातीपुरते. खरी परीक्षा पेपरखालची माती चार इंच खोलीवरून काढून मुठीत दाबण्याची. गोळा व्हावा, पण हात ओला होऊ नये. पाण्यातला सारखेपणा हा एकूण पाण्यापेक्षा मोलाचा आहे.

उरलेला पाच किलो युरिया लावणीच्या तिसऱ्या आठवड्यापासून आठ आठवडे, दर आठवड्याला ६०० ग्रॅमच्या आसपास ठिबकमधून द्या. ठिबक नसेल तर तीन समान हप्ते २०, ४० आणि ५५ दिवसांनी, खोडापासून चार इंच दूर मातीत बुजवून. झाड गडद हिरवं, पानं गुंडाळलेली, खोड जाड आणि फूल कमी दिसलं तर नत्राचा एक हप्ता सरळ सोडून द्या. पालाशाचा राहिलेला वाटा फळं लिंबाएवढी झाल्यावर, सल्फेट ऑफ पोटॅशच्या रूपात, एकूण सव्वा किलो तीन हप्त्यांत. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर ते एकट्यानंच द्या. स्फुरदयुक्त किंवा सल्फेटयुक्त खतासोबत एकाच टाकीत टाकलं तर साका बसतो आणि ड्रीपर कायमचे बंद होतात.

फळाचं बूड काळं पडून खोलगट झालं की दुकानात कॅल्शियमची बाटली हातात ठेवतात. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत कॅल्शियम भरपूर असतं. ते फळापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याच्या प्रवाहाबरोबरच चढतं आणि आपण मध्ये दोन-तीन दिवस पाण्याचा खंड पाडलेला असतो. जास्त नत्रानं पानं झपाट्यानं वाढली तरी तेच होतं. पाणी सारखं करा, बाधित फळं तोडून टाका, पुढचे घोस चांगले येतात. फळ तडकण्याचं मूळही तेच, फक्त उलट्या बाजूनं. कोरडं पडलेल्या झाडाला एकदम पाणी किंवा पाऊस मिळाला की आतला गर सालीपेक्षा वेगानं फुगतो. परतीच्या पावसाचा अंदाज असेल तर रंग धरलेली सगळी फळं आदल्या दिवशी तोडा.

फूलगळीवर संजीवकांच्या (झाडाची वाढ बदलणाऱ्या रसायनांच्या) फवारण्या सर्रास होतात. गळ उष्णतेनं असेल तर त्यांचा उपयोग नगण्य. जरा जास्त मात्रा झाली की पानं वळतात आणि विषाणू आल्यासारखी दिसतात. उघड्या रानात परागीभवनाला वारा पुरतो, हे छपराखालच्या टोमॅटोच्या नशिबी नसतं.

रोग ओळखणं

सगळ्यांत आधी करपा, कारण पावसाळी आणि ढगाळ हवेत तोच पीक संपवतो. खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके आणि त्यात गोल गोल कडी दिसली तर तो लवकर येणारा करपा. हा हळू चढतो. खालची पानं काढून जाळा आणि मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम फवारा. पानांवर भिजल्यासारखे काळपट मोठे चट्टे, खालून पांढरट बुरशी, खोडावर काळे पट्टे आणि हिरव्या फळावर तपकिरी कडक डाग असतील तर तो उशिराचा करपा. धुकं, ढग आणि गारवा तीन-चार दिवस टिकला की हा आठवड्यात सगळं रान झोपवतो. इथे डाग दिसण्याची वाट बघायची नसते. तशी हवा जमताच मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेबचं मिश्रण लिटरला अडीच ग्रॅम फवारून ठेवावं. पूर्ण वाढलेल्या गुंठ्याला पाच-सहा लिटर द्रावण पुरतं. पानांच्या खालची बाजू भिजली पाहिजे. तोडणीआधी किती दिवस थांबायचं, ते लेबलवर लिहिलेलं असतं. टोमॅटो आपण कच्चा खातो, म्हणून तो आकडा पाळण्यात सवलत नाही.

झाड सुकू लागलं तर दोन मरींतला फरक ओळखा. पानं हिरवी असतानाच दोन-तीन दिवसांत झाड लुळं पडलं तर खोडाचा बुडाकडचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत कापातून दुधट धागा पाण्यात उतरला तर ती जिवाणूजन्य मर. औषध नाही. झाड मुळासकट उपटा आणि त्या वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. पानं खालून, अनेकदा एकाच बाजूनं पिवळी पडत गेली आणि खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या तर ती बुरशीजन्य मर. शेजारच्या निरोगी झाडांना ट्रायकोडर्माची आळवणी करून पाणी कमी करा.

विषाणूंना फवारणी नाही. पानं लहान, वर वळलेली, झाड खुजं आणि शेंड्याला गुच्छ असेल तर वाहक पांढरी माशी. शेंड्याची पानं तांबूस-काळपट होऊन करपली आणि फळावर वलयं उठली तर वाहक फुलकिडे. पानं दोरीसारखी अरुंद झाली आणि फळांचा रंग ठिगळ्या-ठिगळ्यांनी चढला तर बहुधा मावा. २०२० च्या उन्हाळ्यात संगमनेर, अकोले, जुन्नर भागात फळांवर तीन रंगांचे पट्टे दिसू लागले आणि शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' म्हटलं. तपासणीत काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला होता. लावणीनंतरच्या पहिल्या पाच आठवड्यांत असं एकही झाड दिसलं तर त्याच दिवशी पिशवीत घालून उपटा. हातात धरून रानभर नेलं की त्यावरचे कीटक वाटेत सगळीकडे उतरतात. गुंठ्याला दोन पिवळे आणि एक निळा चिकट सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा आणि झाडासोबत वर सरकवत राहा. रसशोषक किडी कमी असताना पाच टक्के निंबोळी अर्क दर आठवड्याला चांगला चालतो. सहा लिटरसाठी ३०० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर दीड लिटर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, पाणी पुरं करा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा.

अळ्या दोन प्रकारच्या. फळ पोखरणारी हिरवी अळी फळात अर्धं डोकं खुपसून खाते, छिद्र मोठं आणि गोल. हिला बीटी (अळ्या मारणारं जिवाणूजन्य औषध) लिटरला दोन ग्रॅम, अळी लहान असताना आणि संध्याकाळी. दुसरी टूटा. ती भारतात प्रथम २०१४ मध्ये पुण्याजवळच नोंदली गेली. पानात पारदर्शक फुगीर चट्टे करते आणि फळाच्या देठापाशी टाचणीएवढी छिद्रं पाडते. दोघींचे कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग पकडणारे) वेगळे. एकीची गोळी दुसरीला ओढत नाही, म्हणून प्रत्येकीसाठी एकेक सापळा लावा आणि गोळी तीन-चार आठवड्यांनी बदला. टूटाची चट्टे पडलेली पानं दिसतील तशी तोडून पाण्यात बुडवा किंवा पुरा.

तोडणी

लांबच्या बाजारासाठी फळाच्या टोकाला गुलाबी छटा आली की तोडा, गावातल्या बाजारासाठी निम्मं लाल झाल्यावर, घरासाठी पूर्ण लाल. दर दोन-तीन दिवसांनी, दव वाळल्यावर पण ऊन चढण्याआधी. देठ काढून टाका, नाही तर तो क्रेटमधल्या शेजारच्या फळात घुसतो. तोडलेला माल लगेच सावलीत न्या. लाल रंग १८ ते २६ अंशांत नीट भरतो. ३० च्या वर तो बनणं मंदावतं आणि फळ नारिंगी-पिवळं राहतं. म्हणूनच मे महिन्यातली फळं झाडावर कितीही ठेवली तरी लालबुंद होत नाहीत. ती गुलाबी असतानाच तोडून घरात गारव्याला पिकवा. अर्धवट पिकलेली फळं फ्रीजमध्ये ठेवू नयेत. तिथे ती पिकत नाहीत आणि चव कायमची जाते.

संकरित वाण, नीट बांधणी आणि सारखं पाणी असेल तर झाडामागे तीन ते पाच किलो, म्हणजे गुंठ्याला चार ते साडेसहा क्विंटल, वीस किलोंचे वीस ते बत्तीस क्रेट. यातले निम्म्याहून जास्त पहिल्या पाच आठवड्यांत निघतात. शेंड्याची फळं लिंबाएवढीच राहू लागली की आणखी एक तोडा मिळेल म्हणून झाडं उभी ठेवू नका. टूटा, पांढरी माशी आणि करप्याचे बीजाणू अशाच सोडून दिलेल्या रानात वाढतात आणि पहिला फटका शेजाऱ्याच्या नव्या लावणीला बसतो. आठवडाभरात सुतळ्या कापा, झाडं मुळासकट उपटून जाळा किंवा खोल पुरा, मल्चिंग पेपर तुकडे न होऊ देता गुंडाळून काढा. बांबूंची टोकं आणि तारा वाळवून छपराखाली ठेवल्या तर दोन-तीन हंगाम सहज जातात. त्या वाफ्यांवर लगेच मका किंवा ज्वारी पेरली तर जमिनीत उरलेलं खतही वाया जात नाही.